समुद्रावरचे पालाण : मराठी गद्यातील आरमारी लढाईची भाषा

कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे शिवचरित्र लिहिले. त्यात जलदुर्गांची उभारणी आणि गुराबा, तरांडी, गलबते, शिबाडे यांची जमवाजमव सांगून झाल्यावर तो एका प्रतिमेपाशी येतो. राजाने दर्यास पालाण घातले, असे तो म्हणतो. पालाण म्हणजे खोगीर. संस्कृत ‘पर्याण’ या शब्दाचे हे मराठी रूप. समुद्र हे जणू एक उनाड जनावर, त्याच्या पाठीवर खोगीर चढले आणि ते स्वाराच्या मांडीखाली आले, असे चित्र सभासदाच्या मनात आहे. ज्याने हयात गलबतावर काढली असा मनुष्य हे चित्र रेखाटणार नाही. ते घोड्यावर बसणाऱ्याचे, निदान घोडदळाच्या राज्यात वावरलेल्याचे चित्र आहे.

या प्रतिमेचे कौतुक पुष्कळ झाले आहे. तिच्यात दडलेल्या प्रश्नाकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. आरमारी लढाया आणि जहाजांचे पाडाव यांविषयीचे मराठी लेखन बहुतांशी देशावरच्या कारकुनांनी, मुत्सद्द्यांनी व बखरकारांनी केले. जे प्रत्यक्ष लढले, ते कोळी, भंडारी आणि त्यांचे तांडेल, यांनी लेखणी हाती धरली नाही. म्हणजे लढाई एका समाजाने केली आणि तिची भाषा दुसऱ्याने घडविली. ही भाषा तिच्या विषयाला पुरी पडली काय, आणि पुढे इतिहासकारांनी ती बाजूस सारली तेव्हा नेमके काय गमावले, असे हे दोन प्रश्न आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या, दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या अरण्यप्रदेशातील मराठीच्या अभ्यासकाला हे प्रश्न परके वाटण्याचे कारण नाही. डोंग्यापलीकडे नौका न पाहिलेला आजचा वाचक आणि बखरीचा लेखक हे या बाबतीत बऱ्याच अंशी एकाच काठावर उभे आहेत.

प्रथम शब्दांकडे पाहावे. मराठ्यांच्या आरमाराच्या अधिपतीस ‘सरखेल’ म्हणत. ‘सर’ म्हणजे मस्तक, प्रमुख, हे उघड आहे. ‘खेल’ हा मूळ अरबी शब्द असून त्याचा अर्थ घोडे, घोडेस्वारांचा जमाव असा आहे. फारसीत तो टोळी, पथक अशा अर्थी रूढ झाला आणि दक्षिणेतील शाह्यांच्या दरबारांतून मराठीत उतरला. तेव्हा शब्दाच्या कुळाकडे पाहिले तर कुलाब्याचा सरखेल हा घोडेस्वारांच्या पथकाचा नायक ठरतो. ‘सारंग’ या शब्दाची कहाणीही अशीच आहे. फारसी ‘सरहंग’ म्हणजे सैन्यातील अंमलदार. मराठीत तो गलबतावरचा सारंग झाला. आरमाराच्या कारभारास ‘सुभा’ म्हणावयाचे, हा तर उघडउघड जमिनीवरच्या मुलखाचा शब्द. अधिकाराची सगळी नावे अशी भूमीवरून समुद्रावर गेली आहेत.

उलट, प्रत्यक्ष नौकेच्या अंगाउपांगांची नावे पाहिली की वेगळाच वंशवृक्ष दिसतो. ‘गुराब’ हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ कावळा. ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’ वरून आला. ‘नाखवा’ म्हणजे फारसी ‘नाखुदा’, नावेचा धनी. ‘आरमार’ हा शब्द पोर्तुगीजांच्या संसर्गातून आलेला. शीड, वल्हे, डोलकाठी हे घरचे शब्द. भरती, ओहोटी, उधाण आणि मतलई वारा हे किनाऱ्यावरच्या बोलीचे. हे दुसऱ्या प्रकारचे शब्द व्यापाराने, मासेमारीने आणि शेकडो वर्षांच्या दर्यावर्दी देवघेवीने आले. ते आज्ञेने आले नाहीत, म्हणून ते अधिकृत लेखनात कमी आणि बोलण्यात अधिक आढळतात. मराठीत समुद्राची भाषा नव्हती, असे विधान अधूनमधून केले जाते; ते साफ चुकीचे आहे. भाषा होती. ती ज्यांच्या तोंडी होती त्यांच्या हाती दौत नव्हती, एवढेच.

‘नांगर’ या एका शब्दात हे दोन प्रवाह अपघाताने एकत्र आले आहेत. शेतकऱ्याचा नांगर संस्कृत ‘लाङ्गल’ वरून आला आणि गलबताचा नांगर फारसी ‘लंगर’ वरून. उच्चार एक झाला, कुळे दोन राहिली. वैनगंगेच्या काठचा वाचक गलबताने नांगर टाकल्याचे वाक्य वाचतो तेव्हा क्षणभर त्याच्या डोळ्यांपुढे कोणता नांगर उभा राहत असेल, ही केवळ गमतीची गोष्ट नव्हे. एक नांगर जमिनीत शिरतो तो पुढे जाण्यासाठी आणि दुसरा तळाच्या मातीत रुततो तो थांबण्यासाठी; अशा समान रूपांतूनच वाचकाचा अर्थबोध भलतीकडे वळतो. शब्दार्थाची टीप ही चैन नसून गरज आहे, हे अध्यापकांस येथे पटावे.

अधिकाराची भाषा घोड्याची आणि कामाची भाषा पाण्याची, असे हे द्वैत आहे. मग घोड्याच्या भाषेत लिहिलेले आरमारी युद्ध खोटे ठरते काय? येथे घाई करून चालणार नाही. खांदेरीचे उदाहरण घेण्याजोगे आहे.

मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस शिवाजी महाराजांची माणसे उतरली आणि मायनाक भंडारी याच्या देखरेखीखाली तटबंदीचे काम सुरू झाले. मुंबईकर इंग्रजांना हे बेट परक्या हाती जाणे परवडणारे नव्हते. त्यांनी बेटाभोवती आपल्या नौकांचा पहारा बसविला. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या हाताखालील मराठी गलबतांचा तांडा चौलच्या बाजूने या पहाऱ्यावर तुटून पडला. इंग्रजांच्या लहान नौका पांगल्या, ‘डोव्ह’ नावाची गुराब मराठ्यांच्या हाती पडली आणि ‘रिव्हेंज’ हे मोठे लढाऊ जहाज मात्र ठामपणे झुंजत राहिले. त्याच्या तोफांनी अखेर मराठी गलबते मागे हटविली. इंग्रजी ग्रंथांत या दिवसाचे वर्णन ‘रिव्हेंज’चा विजय म्हणून येते, आणि त्या दिवसापुरते ते खोटेही नाही. परंतु पुढील काही महिन्यांत काय झाले? मराठ्यांच्या वल्ह्यांच्या हलक्या होड्या रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून, मोठ्या जहाजांच्या हाती न लागता बेटावर माणसे आणि सामान पोहोचवीत राहिल्या. १६८० च्या आरंभी इंग्रजांना समेट करून पहारा उठवावा लागला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

आता ही लढाई ‘वेढा’, ‘रसद’, ‘पहारा’, ‘छापा’ या शब्दांत सांगितली तर काही बिघडते काय? उलट, ती त्याच शब्दांत नीट कळते. या लढाईचा विषय एक किल्ला होता. समुद्र हा त्या किल्ल्याभोवतीचा खंदक होता. वारा नसताना जड जहाज जागच्या जागी खिळते आणि वल्ह्यांची होडी त्याला वळसा घालून जाते, हे डोंगरी मुलखात बोजड फौजेला हलक्या स्वारांनी चुकविण्यासारखेच आहे. पुढे आंग्र्यांच्या काळी रूढ झालेली झुंजण्याची रीतही याच जातीची होती. गलबतांनी गुराबा ओढून शत्रुजहाजाच्या पिछाडीकडे न्यावयाच्या, कारण तेथे तोफा थोड्या. प्रथम शिडे व डोलकाठ्या निकामी करावयाच्या आणि जहाज पांगळे झाले म्हणजे चहूंकडून वर चढावयाचे. सभासदाची पालाणाची प्रतिमा केवळ अज्ञानातून आलेली नाही, हे यावरून दिसते. मराठी राज्याने समुद्राचा विचारच किनारा, किल्ला आणि मुलूख यांच्या अंगाने केला होता, आणि बखरीची भाषा त्या विचाराशी इमानी आहे. ही भाषा उसनी म्हणून हिणवणारे टीकाकार मराठी गद्यास लेपांटोच्या १५७१ मधील किंवा ट्रफाल्गरच्या १८०५ मधील युद्धाचा गज लावतात. खुल्या पाण्यावर दोन आरमारे रांगा धरून समोरासमोर उभी राहतात, असे युद्ध मराठ्यांनी क्वचितच केले. जे केले नाही त्याचे वर्णन बखरीत कोठून यावे?

तरीही या भाषेची एक सीमा आहे आणि ती मान्य केली पाहिजे. तिच्यात वारा नाही. घोड्याला वाऱ्याची पर्वा नसते. गलबताचे सर्वस्व वारा. कोणत्या घटकेस कोणत्या दिशेचा वारा होता, भरती होती की ओहोटी, हे न सांगता सांगितलेली आरमारी लढाई म्हणजे चालीवाचून सांगितलेले गाणे. बखरींत शत्रू ‘मोडतो’, ‘पळतो’, ‘पाडाव होतो’. पण तो त्या दिशेलाच का पळाला, हे बखर सांगत नाही. इंग्रज कप्तानाच्या रोजनिशीत घटकाघटकेचा वारा नोंदलेला असतो. शौर्याच्या बाबतीत दोन्ही लेखने सारखीच अतिशयोक्त असू शकतात, परंतु एकाच्या आधारे लढाईचा नकाशा काढता येतो आणि दुसऱ्याच्या आधारे येत नाही.

या नियमाला एक थोर अपवाद आहे. रामचंद्रपंत अमात्याच्या आज्ञापत्राचे, म्हणजे १७१५-१६ च्या सुमारास सिद्ध झालेल्या ग्रंथाचे, आरमारावरील प्रकरण हे या विषयावरील जुन्या मराठी गद्याचे शिखर होय. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे, हा त्यातील सिद्धान्त सर्वपरिचित आहे. त्याच्या समर्थनार्थ अमात्याने योजिलेला दृष्टान्तही घोड्याचाच, हे मात्र सहसा लक्षात घेतले जात नाही : ज्याच्यापाशी अश्वबळ त्याची पृथ्वी, तसा ज्याच्यापाशी आरमार त्याचा समुद्र. सभासद आणि अमात्य या दोघांनी, इतक्या भिन्न प्रकृतीच्या लेखकांनी, एकाच जनावराचा आधार घ्यावा हा योगायोग नाही. पण सभासद जेथे थांबतो तेथून अमात्य पुढे जातो. गुराबा फार थोर नकोत, फार लहान नकोत. किती गुराबांमागे किती गलबते असावीत. खर्चाची नेमणूक बंदराच्या उत्पन्नावर लावून सावकारी बुडवू नये. वारा प्रतिकूल असता झुंज घेऊ नये. शत्रूने कौल मागितला तरी आपले तारू त्याच्या तारवाला भिडवू नये, कारण अशा प्रसंगी दगा होतो. येथे प्रथमच मराठी वाक्य वाऱ्याकडे पाहून बोलते. अमात्य काही दर्यावर्दी नव्हता. त्याने दर्यावर्द्यांना विचारले असावे आणि त्यांचे ऐकले असावे. त्याच्या वाक्यांतील सावधपणा हा अनुभवी तांडेलाचा सावधपणा आहे. लेखणी आणि वल्हे यांची गाठ मराठी गद्यात पडली असेल तर ती या प्रकरणात.

जहाजांच्या पाडावाचा विषय याहून नाजूक आहे, कारण तेथे शब्दांवर न्यायनिवाडा टांगलेला आहे. जुन्या मराठीत ‘पाडाव’ हा शब्द माणसालाही लागतो, घोड्यालाही, हत्तीलाही आणि जहाजालाही. जे हाती पडले ते पाडाव. या शब्दात धर्म-अधर्माचा निकाल नाही. तो निकाल पकडणाऱ्याच्या अधिकारावरून व्हावयाचा. इंग्रजीत मात्र एकाच कृतीला दोन नावे तयार होती. राजाच्या सनदेने, युद्धप्रसंगी जहाज धरले तर ती कायदेशीर ‘प्राइझ’; तिची किंमत ठरे, अधिकाऱ्यांपासून खलाशांपर्यंत वाटे पडत. सनदेवाचून तेच केले तर ती ‘पायरसी’. भेद कृतीत नाही, सनदेत आहे. मग सनद देण्याचा अधिकार कोणाचा, हा खरा प्रश्न. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या आरंभापासून हिंदी महासागरात आपले ‘कार्ताज’ घेतल्यावाचून कोणी फिरू नये असा दंडक घातला आणि तो मोडणारी जहाजे धरली. डचांनी १६०३ मध्ये सिंगापूरच्या सामुद्रधुनीत ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले. त्या पकडीचे समर्थन करता करता ग्रोशियसचा, समुद्र सर्वांना मोकळा आहे असे सांगणारा, १६०९ मधील प्रबंध जन्मास आला. समुद्राच्या स्वातंत्र्याचा आधुनिक सिद्धान्त एका पाडावाच्या वकिलीतून निघाला, ही गोष्ट ज्यांनी कान्होजीवर ग्रंथ लिहिले त्यांनी अधिक आठवणीत ठेवावयास हवी होती.

कान्होजी आंग्रे यानेही वेगळे काही मागितले नव्हते. १७१३ साली बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने तो शाहू महाराजांच्या पक्षास मिळाला, तेव्हा सरखेलीचे पद त्याजकडे कायम झाले. कोकणच्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी तारवांनी त्याचे ‘दस्तक’ घ्यावे, हा त्याचा दावा त्या पदातून निघत होता. इंग्रजांशी झालेल्या तंट्याचे एक मोठे मूळ असे की, कंपनीच्या स्वतःच्या जहाजांपुरती मिळालेली मोकळीक कंपनीचा परवाना बाळगणाऱ्या हिंदी व्यापाऱ्यांच्या मालासही लागू आहे काय? कान्होजीच्या मते नाही. मुंबईकरांच्या मते होय. हा दोन परवान्यांचा झगडा होता. त्याच्या आधी, १७१२ च्या नोव्हेंबरात, मुंबईच्या गव्हर्नराची नौका कान्होजीने धरली होती. कारवारच्या वखारीवर निघालेला अधिकारी त्या झटापटीत मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैदेत पडली. पुढे खंडणी देऊन तिला सोडविण्यात आले. कर्नल बिडल्फ याने १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या स्त्रीची कहाणी मोठ्या विस्ताराने येते आणि ग्रंथाच्या नावातच आंग्र्यांची गणना ‘मलबारच्या पायरेटां’त झालेली आहे. शीर्षकातच निकाल लागला, आता पुरावा वाचण्याचे कारण काय? आणि गंमत अशी की, १६९५ मध्ये यात्रेकरूंनी भरलेले औरंगजेबाचे ‘गंज-ई-सवाई’ लुटणारा हेन्री एव्हरी हा इंग्रज होता, व त्याच्या कृत्याबद्दल सुरतेच्या वखारीतील त्याच्या देशबांधवांना मोगलांनी जबाबदार धरले होते.

‘पायरेट’ या शब्दाचे मराठी ‘चाचा’ असे झाले आणि ‘प्राइझ’ या शब्दाचे काहीच झाले नाही. या एका असमतोलाने पुष्कळ नुकसान केले आहे. भाषांतरकाराने इंग्रजी साधने मराठीत आणताना इंग्रजांच्या पकडीस ‘जहाज हस्तगत केले’ म्हणावे आणि आंग्र्यांच्या पकडीस ‘चाचेगिरी केली’ म्हणावे, असे घडत गेले. दोष त्याच्या देशाभिमानात नव्हता, कोशात होता. वास्तविक ‘पाडाव’ हा तटस्थ शब्द घरात होता. तो वापरला असता तर १७३५ च्या डिसेंबरात संभाजी आंग्र्याने धरलेले ‘डर्बी’, १७४९ मध्ये तुळाजीने धरलेले ‘रेस्टोरेशन’, १७५४ मध्ये त्याने जाळलेली व धरलेली डच जहाजे आणि इंग्रजांनी धरलेली मराठी गलबते एकाच तराजूत पडली असती.

विजयदुर्गाच्या १७५६ मधील पाडावात हा शब्दभेद उघडा पडतो. तुळाजीचे आरमार नष्ट करण्यासाठी नानासाहेब पेशव्याने इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारीत वॉटसनचे आरमार व क्लाइव्हची पलटण घेरिया उर्फ विजयदुर्ग येथे येऊन दाखल झाली. मारा सुरू झाल्यावर एक गोळा ‘रेस्टोरेशन’वर, म्हणजे सात वर्षांपूर्वी इंग्रजांकडूनच पाडाव करून आणलेल्या जहाजावर, पडला, ते पेटले आणि त्याच्या जवळ बांधलेल्या गुराबा व गलबते एकामागून एक पेटत गेली. आंग्र्यांचे आरमार काही तासांत जळून गेले. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. आत सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज सापडला. त्याचे वाटे कोणास किती, हे इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई सोडण्यापूर्वीच ठरवून घेतले होते, आणि त्या वाटणीत पेशव्यास जागा नव्हती. ज्यांनी तुळाजीला लुटारू म्हणून शासन करावयाचे ठरविले त्यांनी मोहिमेच्या आधी लुटीचा हिशेब केला. फक्त त्यांच्या भाषेत त्याला ‘प्राइझ’ असे भारदस्त नाव होते. मराठीत त्या नावाला शब्द नसल्यामुळे मराठी इतिहासकार येथे एक तर ‘लूट’ लिहितो, आणि मग ते आवेशाचे विधान होते, किंवा ‘ऐवज ताब्यात घेतला’ लिहितो, आणि मग प्रश्नच नाहीसा होतो.

विसाव्या शतकात या निकालाविरुद्ध अपील झाले. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२८ च्या आपल्या मराठी लष्करी व्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथात आंग्र्यांच्या अधिकाराचा विचार गंभीरपणे केला. मनोहर माळगावकरांनी १९५९ मध्ये इंग्रजीत कान्होजीचे चरित्र लिहून त्याला ‘ॲडमिरल’ म्हणून उभे केले, पु. ल. देशपांडे यांनी ते मराठीत आणले. माळगावकरांचे पुस्तक वाचनीय आहे आणि त्याने एका पिढीच्या मनातील चाचा पुसला, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही. तथापि समीक्षकाने एक गोष्ट नोंदवावी. आरोपीचा वकील ज्या न्यायालयात उभा राहतो त्या न्यायालयाचा कायदा त्याने मान्य केलेला असतो. ‘चाचा नव्हे, ॲडमिरल’ असे म्हणताना दोन्ही शब्द प्रतिपक्षाच्या कोशातून घेतले गेले. ‘सरखेल’ हा तिसरा शब्द, जो त्याच्या शिक्क्यावर शोभत होता, तो नुसता उपाधी म्हणून उरला. सरखेल ॲडमिरलासारखा केवळ जहाजांचा नायक नव्हता. त्याच्याकडे किल्ले होते, मुलूख होता, बंदरांची जकात होती, दस्तके देण्याचा अधिकार होता. भा. कृ. आपटे यांचा १९७३ मधील इंग्रजी ग्रंथ या दृष्टीने अधिक मोलाचा वाटतो, कारण तो लढाऊ आरमाराबरोबर व्यापारी जहाजांचाही विचार करतो, आणि आरमार हे बंदर, लाकूड, व्यापार व लढाई यांचे एकत्र कुटुंब होते हे त्यातून दिसते.

‘नौदल’ या आजच्या शब्दानेही असाच एक सूक्ष्म अर्थसंकोच केला आहे. भूदल, नौदल, हवाईदल ही त्रयी नेटकी आहे, सरकारी लेखनास सोयीची आहे. परंतु शिवकालीन किंवा आंग्रेकालीन आरमारास मागे जाऊन ‘नौदल’ म्हणणे म्हणजे वाड्याला खोली म्हणणे होय. मुंबईतील नौसैनिकी तळास १९५१ मध्ये ‘आंग्रे’ हे नाव मिळाले, २०१९ मध्ये ‘खांदेरी’ ही पाणबुडी दाखल झाली, २०२२ मध्ये नौसेनेच्या निशाणावर शिवमुद्रेच्या घाटाची अष्टकोनी चौकट आली. या गौरवाबद्दल कोणाचे दुमत नसावे. मात्र नाव परत येणे आणि अर्थ परत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी सरकारच्या हातची नाही. ती भाषेच्या अभ्यासकांच्या हातची आहे.

पेशव्यांच्या आरमारी सुभ्यातील एक प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. १७८३ च्या ८ एप्रिलला रत्नागिरी-विजयदुर्गाच्या पाण्यात आनंदराव धुळपाच्या आरमाराने मुंबईहून निघालेल्या ‘रेंजर’ या इंग्रज जहाजास गाठले. जहाजावर कर्नल मॅक्लाउड, कर्नल हंबरस्टन, मेजर शॉ असे बडे लष्करी अधिकारी होते. कित्येक तास निकराची झुंज झाली. शॉ मारला गेला, हंबरस्टन जखमांनी मरण पावला, मॅक्लाउड जखमी झाला आणि जहाज पाडाव झाले. सालबाईचा तह १७८२ च्या मे महिन्यात झाला होता, म्हणून इंग्रज पक्षाने ही लढाई तहभंग मानली. येथे वाऱ्याइतकेच कागदाचे महत्त्व आहे. तह दरबारात होतो आणि दर्यावर तो आज्ञेच्या रूपाने उतरावा लागतो. बखरीच्या भाषेत हा प्रसंग शौर्याचा ठरेल, इंग्रज इतिहासाच्या भाषेत दग्याचा. ‘पाडाव’ या शब्दाने मात्र पुढचा प्रश्न मोकळा राहतो, की पकडणाऱ्याच्या हाती त्या दिवशी कोणता हुकूम होता. इतिहासकाराने तेथूनच आरंभ करावयास हवा.

आता अरण्यप्रदेशाकडे वळावे लागते, कारण समुद्राची भाषा मराठीत सर्वत्र सारखी का पसरली नाही याचे उत्तर अंशतः इकडे आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. त्याच सुमारास, १७५१ मध्ये, अलिवर्दीखानाशी झालेल्या तहाने ओरिसाचा मुलूखही पहिल्या रघूजीच्या अमलाखाली आला, आणि त्याबरोबर बालासोरसारखे, युरोपीय वखारींचे, जुने बंदर. १८०३ च्या देवगावच्या तहाने ते सर्व जाईपर्यंत सुमारे अर्धशतक नागपूरच्या दौलतीस बंगालच्या उपसागराचा किनारा होता. त्याच दौलतीत सागवानाची अफाट जंगले होती. वर्धा व वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी गोदावरीस मिळते, असा लाकूड वाहून नेणारा जलमार्गही होता. एकोणिसाव्या शतकात अहेरी भागातील साग याच पाण्यावरून खाली पूर्व किनाऱ्याकडे सोडला जात असे. किनारा, साग आणि नदी या तिन्ही गोष्टी असता भोसल्यांनी नाव घेण्याजोगे आरमार उभारले नाही. त्याची राजकीय कारणे इतिहासकारांनी सांगावीत. भाषेपुरता परिणाम असा झाला की, कोकणातील मराठी बोलींत जसा गुराब-गलबतांचा, वाऱ्यांचा, भरती-ओहोटीचा संसार आहे तसा पूर्वेकडील मराठीत निर्माण झाला नाही. झाडीपट्टीतील ढिवरांचा डोंगा नदीतच राहिला. बालासोरचा समुद्र पन्नास वर्षे मराठी अमलाखाली होता, पण मराठी बोलीला त्याची ओल लागली नाही.

म्हणूनच येथील पदव्युत्तर वर्गात आज्ञापत्रातील आरमाराचे प्रकरण शिकविताना आरंभ गुराबांपासून करण्याचे कारण नाही. त्या प्रकरणाचा एक भाग लाकडाविषयी आहे. आरमारास साग लागतो. तो राज्याच्या अरण्यातून हुजूरची परवानगी घेऊन तोडावा, अधिक लागल्यास परमुलखातून खरेदी करून आणावा. आंबा, फणस ही झाडेही उपयोगी पडतील, पण त्यांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, मगच तोडावे. लढाऊ जहाज अरण्यात सुरू होते आणि तेथे पहिला तंटा झाडाच्या धन्याशी असतो, हे आलापल्लीच्या विद्यार्थ्याला कोकणातल्या विद्यार्थ्याइतकेच, कदाचित त्याहून चटकन, कळेल. गुराब, तरांडे, कौल यांना टीपा लागतील. सागाला लागणार नाही. ते प्रकरण त्याने लाकडाच्या बाजूने वाचावयास घ्यावे, आणि वल्ही, शिडे व मतलई वारा यांचे शब्द, ते ज्यांच्या तोंडी आजही आहेत त्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांकडून विचारून, मागाहून त्यात भरावेत.